याला पोट कोणी दिलं?

काटोलजवळ माझ्या बहिणीची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराच्या दिवसांत तिकडून येणारा माणूस पेटीभर संत्री घेऊन येतो. मी या वेळी झाडाखाली गळून पडलेलं, अर्धं मातीत रुतलेलं, बुरशी धरलेलं एक संत्रं डब्यात घालून आणलं. "काहून रे, नागपुरात कचरा कमी पडून राहिला का?" आईने दारातच विचारलं. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मुलाच्या आईला असे प्रश्न आयुष्यभर विचारावे लागतात.

भाची सोबत आली होती. दहावीत आहे. तिला माझा जुना मायक्रोस्कोप हवा होता. संत्र्याच्या लिबलिबीत सालीवर पाण्याचे दोन थेंब सोडले, त्यातला एक काचपट्टीवर घेतला आणि तिला डोळा लावायला सांगितलं.

"मामा, धागे आहेत. हलून राहिले."

"धागे नाही. सूत्रकृमी."

"आरपार दिसते. अन् याच्या गळ्याजवळ काहीतरी फडफडून राहिलं."

"तो त्याचा घसा. जेवतोय तो. त्याच्यामागे काळपट दाणेदार नळी दिसते ना, ते आतडं."

ती बराच वेळ बघत राहिली. मग डोळा न काढताच म्हणाली, "पण याला पोट बनवायला सांगितलं कोणी?"

मी "जीन" असं म्हणून मोकळा होणार होतो. पण ते उत्तर म्हणजे "देवाने" म्हणण्याइतकंच सोयीचं आणि तितकंच पोकळ झालं असतं. "पोटाचा जीन" असा काही जीन नसतो. त्या कृमीच्या अंड्यात पोट म्हणजे काय, कसं दिसतं, कशाला लागतं, हे माहीत असलेला कोणीही नसतो. तरी साधारण चौदा तासांत तिथे घसा, आतडं, त्यांना जोडणारी झडप आणि शेवटचं दार, सगळं जागच्या जागी तयार होतं. हे कसं होतं, ते तिला सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

आधी या प्राण्याची ओळख. सडक्या फळांवरचे आणि मातीतले बॅक्टेरिया खाऊन जगणाऱ्या अशा कृमींपैकी एक जात जगभरच्या प्रयोगशाळांत पाळली जाते. तिचं नाव कॅनोऱ्हॅबडायटिस एलिगन्स. पुढे मी तिला नुसतं एलिगन्स म्हणेन. लांबी सुमारे एक मिलिमीटर. मुलांच्या पोटातल्या जंताची ती लांबची नातेवाईक, आणि संत्र्याच्या मुळांना लागून झाड हळूहळू वाळवणाऱ्या सूत्रकृमीचीही. पण ही स्वतः कोणाच्या वाटेला जात नाही. १९६३ मध्ये सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमध्ये ठरवलं की एका पेशीतून अख्खा प्राणी कसा घडतो हे समजून घ्यायचं, तर प्राणी असा हवा की ज्याच्या पेशी मोजता येतील. एलिगन्सच्या प्रौढ मादीत (खरं तर उभयलिंगीत, पण मादी म्हणू) ९५९ कायिक पेशी, म्हणजे अंडी-शुक्राणूंच्या सोडून बाकी शरीराच्या पेशी, असतात. साधारण हजार वगैरे नाही, बरोबर ९५९. दर कृमीत तेवढ्याच.

ब्रेनर यांचे सहकारी जॉन सल्स्टन यांनी तर कहर केला. अंडं पारदर्शक असतं, लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी. त्यांनी सुमारे दीड वर्ष रोज चार-चार तासांच्या दोन बैठका मारून मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी दुभंगताना पाहिली आणि कागदावर रंगीत पेन्सिलींनी टिपली. १९८३ साली ती वंशावळ छापून आली. अंड्यात एकूण ६७१ पेशी जन्मतात, त्यातल्या ११३ ठरलेल्या वेळी मरतात आणि ५५८ पेशींचं पिल्लू बाहेर पडतं. कोणती पेशी कोणाची मुलगी, कोणाची नात, हे आपल्याला आपल्या चार पिढ्यांपलीकडे सांगता येत नाही. या कृमीचं मात्र शेवटच्या पेशीपर्यंत सांगता येतं. २००२ चं नोबेल ब्रेनर, सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना मिळालं.

या वंशावळीत आतड्याची शाखा वाचायला सगळ्यात सोपी. फलित अंडं दुभंगतं, तेव्हा पुढची मोठी पेशी एबी आणि मागची लहान पी१. पी१ ची दोन मुलं: ईएमएस आणि पी२. ईएमएसची दोन मुलं: एमएस आणि ई. ही जी ई आहे, तिच्यापासून आतडं बनतं. दुसरं काहीही बनत नाही. आणि आतड्यातली एकही पेशी दुसऱ्या कोणाकडून येत नाही. गर्भात जेमतेम आठ पेशी असतात तेव्हा त्यातली एक "आतडं" म्हणून ठरलेली असते. तिच्यापासून शेवटी २० पेशी होतात. त्या नऊ कड्यांमध्ये एकामागे एक बसतात, पहिल्या कड्यात चार आणि बाकीच्या आठांत दोन-दोन. झालं आतडं.

"मग सगळ्या पेशींत डीएनए वेगळा असतो का?" भाचीने विचारलं. हा प्रश्न मला आवडतो, कारण बीएस्सीच्या वर्गात तो कोणी विचारत नाही, सगळ्यांना उत्तर पाठ असतं. डीएनए सगळ्या पेशींत सारखाच असतो. एलिगन्सचा तो १९९८ मध्ये वाचून झाला. कुठल्याही अनेकपेशीय प्राण्याचा पहिलाच. दहा कोटींच्या आसपास अक्षरं आणि वीस हजारांच्या घरात जीन. कातडीच्या पेशीतही आतड्याचे सगळे जीन असतात, फक्त बंद. फरक पडतो तो कोणते जीन उघडले यावर. आणि जीन उघडण्याचं काम करतात काही खास प्रथिनं. ती डीएनएवर ठराविक अक्षरांची जागा शोधून तिथे बसतात आणि शेजारचा जीन चालू किंवा बंद करतात. मी त्यांना चावी-प्रथिनं म्हणतो. आता गंमत अशी की चावी-प्रथिन हेसुद्धा कुठल्यातरी जीनवरूनच बनतं. म्हणजे त्या जीनलाही कोणीतरी उघडावं लागतं. मग पहिली चावी कोण देतं?

आई देते.

आपल्याकडे लेक सासरी निघाली की आई शिदोरी बांधून देते, तसं कृमीची आई अंडं तयार होतानाच त्यात काही माल भरून ठेवते. त्यातली आपल्या कामाची वस्तू म्हणजे स्किन-१. नावात आतड्याचा मागमूस नाही, आणि त्याला कारण आहे. जीन शोधायची जुनी रीत म्हणजे आधी तो बिघडवायचा आणि मग काय बिघडलं ते पाहायचं. मोटार मेकॅनिककडे शिकणारा पोरगा एकेक वायर काढून बघतो, तसंच. १९९२ मध्ये ब्रूस बॉवरमन आणि जेम्स प्रीस यांच्या गटाला असा एक बिघाड सापडला की ज्यात ईएमएसचे वंशज घसा आणि आतडं करायचं सोडून कातडी करत बसायचे. जादा कातडी, म्हणून स्किन. आणि बिघाड गर्भाच्या जीनमध्ये असून चालत नव्हता, आईच्या जीनमध्ये असावा लागत होता. गर्भ स्वतः धडधाकट असला तरी शिदोरीच रिकामी आली तर पोट नाही.

(या क्षेत्रातली नावं अशीच असतात, बिघाडावरून पडलेली. माणसाला त्याच्या आजारावरून हाक मारल्यासारखं. पुढे पॉप-१ येईल, मॉम-२ येईल, पाय-१ येईल. पॉप म्हणजे बाप, मॉम म्हणजे आई आणि पाय म्हणजे इंग्रजांचा एक खायचा पदार्थ, अशी कोणी मुद्दाम जुळवाजुळव केली नव्हती. मूळ लांबलचक वर्णनांची आद्याक्षरं आहेत ती.)

आता अडचण बघा. स्किन-१ ईएमएसमध्ये भरपूर असतं, तसंच तिच्या बहिणीत, पी२ मध्येही असतं. मग पी२ आतडं का करत नाही? कारण पी२ ला पुढे अंडी आणि शुक्राणू बनवणाऱ्या पेशींची आई व्हायचं असतं. तिच्यात पाय-१ नावाचं एक प्रथिन असतं, ते जीन वाचण्याचं सगळं कामच बंद पाडून ठेवतं. शिदोरी हातात आहे, पण डबा उघडायची परवानगी नाही. पाय-१ बिघडलं की पी२ सुद्धा ईएमएससारखी वागते आणि गर्भात घसा-आतड्याचं दुप्पट पीक येतं.

दुसरी अडचण याहून मोठी. ईएमएसच्या दोन्ही मुलींना, एमएस आणि ई, दोघींना आईकडून स्किन-१ चा वारसा सारखाच मिळतो. तरी एक आतडं करते आणि दुसरी घशाचा मागचा भाग व काही स्नायू करते. एकाच घरातल्या दोन मुली, एक डॉक्टर, एक वकील. कशामुळे?

बरीच वर्षं लोकांना वाटायचं की आतडं होणं हे पेशीच्या आतच ठरलेलं असतं. इतर सगळ्या पेशी काढून टाकल्या तरी आतडं बनतं, असे प्रयोग झालेलेही होते. मग १९९२ मध्ये बॉब गोल्डस्टीन या विद्यार्थ्याने एक साधा प्रश्न विचारला: पेशी वेगळी काढलीत, पण नेमकी कधी काढलीत? त्याने ईएमएस तयार झाल्या झाल्या तिला सगळ्यांपासून सोडवली. आतडं बनलं नाही. काही मिनिटं थांबून सोडवली, तर बनलं. म्हणजे त्या मधल्या मिनिटांत कोणीतरी तिला काहीतरी सांगत होतं. एकेक पेशी परत चिकटवून पाहिली तेव्हा कळलं की सांगणारी शेजारीण म्हणजे पी२. एबीच्या मुलींना चिकटवून काही उपयोग होत नव्हता. पुढे तर त्याने पी२ उचलून ईएमएसच्या दुसऱ्या बाजूला चिकटवली. आतडं त्या बाजूने बनलं.

हा प्रयोग मला वर्गात सांगताना दरवेळी अंगावर काटा येतो. काचेच्या सुईने पेशी हलवायच्या, आणि "पोट कुठल्या बाजूला" हे आपल्या हाताने बदलायचं. जीनचा एक अक्षरही न बदलता.

म्हणजे पी२ स्वतः आतडं करत नाही, पण तिच्या स्पर्शाशिवाय शेजारणीचं आतडं होत नाही. तिचा निरोप म्हणजे मॉम-२ नावाचं प्रथिन. ते ईएमएसच्या ज्या टोकाला लागतं, तिकडून जन्मणारी मुलगी ई होते, दूरची एमएस. शेजाराचा हा निरोप ज्या पद्धतीने जातो, ती पद्धत जीवसृष्टीत फार जुनी आहे. माणसाच्या गर्भातही आहे, आणि मोठ्या आतड्याच्या बऱ्याच कर्करोगांत हीच यंत्रणा बिघडून चालू अडकलेली असते.

निरोप पोचल्यावर आत काय होतं? तिथे पॉप-१ बसलेलं असतं. एमएसच्या केंद्रकात ते भरपूर असतं आणि आतड्याच्या जीनच्या दारात हात आडवा करून उभं असतं. स्किन-१ चावी घेऊन आलं तरी दार उघडत नाही. ई मध्ये मात्र शेजारणीच्या निरोपामुळे पॉप-१ चा बराचसा भाग केंद्रकाबाहेर हाकलला जातो. जे थोडं उरतं त्याच्या जोडीला दुसरं प्रथिन येऊन बसतं, आणि मग तोच चौकीदार दार उघडायला मदत करतो. एकच माणूस, संगत बदलली की वागणं बदलतं. पुरावा हवा? पॉप-१ बिघडवा, एमएससुद्धा आतडं करते आणि गर्भात दोन आतडी दिसतात. मॉम-२ बिघडवा, बऱ्याच गर्भांत ई सुद्धा एमएससारखी होते आणि आतडं गायब.

"म्हणजे आई पण लागते, शेजारीण पण लागते," भाची म्हणाली. स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला, "मग! मी कधीची सांगून राहिली." आमच्या आईला नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यातले शेजार अजून सुटलेले नाहीत.

आता स्किन-१ ची चावी कुठे लागते ते बघू. ती थेट आतड्याच्या जीनांना लागतच नाही. ती लागते मेड-१ आणि मेड-२ या दोन जुळ्या जीनांना. मेड प्रथिनं उघडतात एन्ड-१ आणि एन्ड-३. एन्ड प्रथिनं उघडतात एल्ट-७ आणि एल्ट-२. आणि एल्ट-२ उघडतं ते खरं आतडं: पचनाची विकरं, आतल्या भिंतीवरची केसांसारखी झालर, अन्न शोषायचे पंप, अंड्यात भरायचं पोषक प्रथिन, असे शेकडो जीन. मेड, एन्ड आणि एल्ट ही तिन्ही एकाच घराण्यातली चावी-प्रथिनं. डीएनएमधली जी-ए-टी-ए अशी चार अक्षरं ओळखतं म्हणून या घराण्याला गाटा म्हणतात. आपल्या रक्ताच्या तांबड्या पेशी घडवण्यातही याच घराण्यातलं एक प्रथिन असतं.

एवढी लांब साखळी कशाला? सरळ आईच्या स्किन-१ नेच एल्ट-२ उघडलं असतं तर? बांधकामावर गेलात तर याचं उत्तर दिसेल. जमिनीचा मालक एकदा येऊन बघून जातो. मुकादम चार दिवस बसतो, मजूर लावतो, निघून जातो. घर उभं राहिल्यावर जो राहतो तो घरचा माणूस. स्किन-१ हे आईचं, थोड्या वेळात झिजून संपणारं. मेड काही मिनिटांचे पाहुणे. एन्ड म्हणजे मुकादम, ई च्या पहिल्या एक-दोन पिढ्यांपुरते. ते गेल्यावर आतड्याच्या पेशीला "तू आतडं आहेस" हे आयुष्यभर कोण आठवण करून देणार? एल्ट-२. त्याची खुबी अशी की ते स्वतःच्याच जीनवर बसून स्वतःलाच चालू ठेवतं. एकदा पेटलं की विझत नाही. भाची म्हणाली, "चुलीतल्या विस्तवासारखं." मला त्याहून चांगली उपमा सुचली नाही.

आणि या साखळीत प्रत्येक पायरीवर जोड्या आहेत. एन्ड-१ एकटा काढला तर कृमीला पत्ताही लागत नाही. एन्ड-३ एकटा काढला तर थोड्याच गर्भांत आतडं चुकतं, बाकीचे सुखरूप. दोन्ही काढले तर एकाही गर्भात आतडं बनत नाही, ई कातडी आणि स्नायू करत बसते. म्हणूनच एकेक जीन बिघडवून शोधणाऱ्यांना हे दोघे फार उशिरा सापडले. एक मुकादम सुट्टीवर गेला तर दुसरा सांभाळून घेत होता, गैरहजेरी लागतच नव्हती. उलट प्रयोगही झाला आहे: एन्ड-१ सगळ्या गर्भभर जबरदस्तीने चालू केला, तर कातडी आणि चेतापेशी व्हायच्या होत्या त्याही आतडं व्हायला लागल्या.

हे ओळखायचं कसं, म्हणजे आतडं झालं की नाही? फार सोपं. आतड्याच्या पेशींत बारीक दाणे असतात, ते ध्रुवित प्रकाशात (खास गाळणीतून एकाच दिशेत कंप पावेल असा केलेल्या) लखलखतात. पोट नसलेला गर्भ काळोखा दिसतो, पोट असलेल्यात चांदणं सांडल्यासारखं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्किन-१ चे काही बिघाड असे आहेत की ज्यांत काही गर्भांत आतडं बनतं आणि काहींत नाही. जीन तंतोतंत सारखे, तापमान सारखं, खाणं सारखं. जुळी भावंडं म्हणा. तरी एकाला पोट, एकाला नाही. पूर्वी याला पुस्तकात एक जड शब्द देऊन मोकळे व्हायचे. २०१० मध्ये अर्जुन राज आणि सहकाऱ्यांनी एकेका गर्भात एन्ड-१ जीनवरून किती आरएनए-प्रती उतरल्या ते चक्क मोजलं. प्रत्येक प्रत एका चमकत्या ठिपक्यासारखी दिसेल असा रंग लावला आणि ठिपके मोजले. निरोगी गर्भांत ठिपके भरपूर आणि सगळ्यांत जवळजवळ सारखे. बिघडलेल्यांत कुठे पुष्कळ, कुठे नगण्य. आणि एल्ट-२? त्याला मधलं काही माहीतच नाही. एन्ड-१ एका मर्यादेच्या वर गेलं तर एल्ट-२ पूर्ण पेटतं, नाहीतर मुळीच नाही. ओल्या काडीने चूल पेटवण्यासारखं. पेटली तर स्वयंपाक, नाही तर उपास, अर्धी चूल असा प्रकार नाही. मेड आणि मुकादमांची ती जादा फौज का लागते हे इथे कळतं. निरोगी कृमीत काडी नेहमीच चांगली कोरडी असते, नशिबावर काही सोडलेलं नसतं.

आतापर्यंत नुसते हुकूम झाले. नळी कुठे आहे? गर्भात साधारण २६ पेशी असताना ई च्या दोन मुली बाहेरच्या थरातून आत बुडतात. त्या आपला बाहेरचा भाग पिशवीचं तोंड नाडीने आवळावं तसा आवळतात, आणि शेजारच्या पेशी वरून सरकून त्यांना झाकतात. या प्राण्यात सगळ्यात आधी आत जाणाऱ्या पेशी म्हणजे हे आतडं. मग १६ पेशी झाल्या की त्या रांगेत लागतात, प्रत्येक पेशी आपलं "आतलं तोंड" मधल्या रेषेकडे करते आणि त्या रेषेवर बारीक पोकळी उघडते. भरीव गोळ्यातून नळी होते ती अशी, बाहेरून भोक पाडून नाही.

घशाची गोष्ट निराळी, आणि थोडक्यात सांगतो, जरी ती थोडक्यात सांगण्यासारखी नाही. घसा एका पेशीची मिरास नाही. अर्धा एमएसच्या वंशातून येतो, अर्धा एबीच्या, तोही पुन्हा शेजाऱ्यांच्या निरोपाने. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या या सगळ्या पेशींना "आपण घसा" म्हणून एकत्र बांधणारं प्रथिन एकच, फा-४. ते नसेल तर घसाच नाही. स्नायू, चेता, ग्रंथी, असं वेगवेगळं काम करणाऱ्या पेशींना ते सांभाळतं, आणि सकाळचं काम संध्याकाळी होणार नाही याचीही काळजी घेतं. सुझन मँगो यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये त्याची युक्ती दाखवली. फा-४ सुरुवातीला थोडं असतं, मग वाढत जातं. काही जीनांच्या दारावरची जागा त्याला घट्ट पकडते, ते थोड्याशा फा-४ नेच उघडतात. काहींची पकड ढिली, त्यांना भरपूर फा-४ लागतं, ते उशिरा उघडतात. आमच्या घरी पहाटे हाक मारली की आई पहिल्या हाकेला उठते, मी चौथ्या. हाक मारणारा तोच, आवाज वाढत जातो, आणि कान ज्याचा त्याचा.

घसा आधी बंद गोळ्यासारखा असतो, मग पुढे सरकून तोंडाला जुळतो आणि मागे सहा पेशींच्या झडपेने आतड्याला. झाली वाट मोकळी. पिल्लू बाहेर आलं की तोच घसा मिनिटाला दोनशेच्या वर ठोके मारत बॅक्टेरिया ओढतो आणि आत चिरडतो. भाचीला फडफडताना दिसलं ते हेच. आणि दुसऱ्या टोकाला, खायला भरपूर असेल तर, दर ४५ ते ५० सेकंदांनी कृमी पोट साफ करतो. घड्याळ लावून बघता येतं. त्या घड्याळाचा काटा मेंदूत नसून आतड्याच्या पेशींमध्येच आहे. वीस पेशींचं आतडं, आणि वेळेचं भान आपल्या एसटीपेक्षा बरं.

"पण हे सगळं किड्याचं. आपलं काय?" हा प्रश्न आईचा. आपल्या यकृताच्या आणि आतड्याच्या घडणीत फा-४ चे चुलतभाऊ असतात, स्वादुपिंडाच्या घडणीत गाटा घराण्यातलं गाटा-६. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तर काही मुलं स्वादुपिंडाशिवाय जन्माला येतात आणि पहिल्या दिवसापासून इन्सुलिनवर असतात. आणि विदर्भातल्या शेतकऱ्याला हे आतडं नवीन नाही. बीटी कपाशीतलं प्रथिन बोंडअळीच्या आतड्याच्या पेशींना भोकं पाडतं म्हणून अळी मरते. त्याच बीटी बॅक्टेरियाच्या कुळातलं क्राय-५बी हे प्रथिन सूत्रकृमीच्या आतड्याला तसंच भोकं पाडतं. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध कृमीला मारतं ते त्याच्या घशाचे ठोके थांबवून, उपाशी ठेवून. जंतांशी भांडायचं म्हणजे त्यांच्या पोटाशीच भांडायचं.

दुसऱ्या संध्याकाळी भाचीने अजून एक प्रश्न काढला. सगळ्या कृमींना पोट असतं, मग सगळ्यांत हीच साखळी असणार ना?

नाही, आणि हीच मला यातली सगळ्यात विचित्र गोष्ट वाटते. एलिगन्सची एक बहीण आहे, ब्रिग्सी. तिचा प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जाणारा वाण आपल्या अहमदाबादच्या मातीतून मिळालेला आहे. दिसायला दोघी सारख्या, आतडं सारखं, पण तिच्यात पॉप-१ काढून टाकलं तर उलटा परिणाम होतो: एमएस आतडं व्हायच्या ऐवजी ई च एमएससारखी होते. आणि आणखी दूरच्या नात्यांत गेलं तर मेडही नाहीत, एन्डही नाहीत. ते दोघे या एका कुळात नंतर आलेले आहेत. एल्ट-२ मात्र जुनं.

"मग तिकडे मुकादम कोण?"

अँगारिया नावाच्या एका जातीत तो सापडला आहे: एल्ट-३, त्याच गाटा घराण्यातला. एल्ट-३ एलिगन्समध्येही आहे. तिथे त्याला आतड्याचं काही काम नाही. तो कातडीच्या कामाला लागला आहे.

"बदली झाली त्याची," आई म्हणाली, आणि संत्र्याचा तो डबा उचलून जास्वंदीच्या कुंडीत रिकामा करून आली.